बहात्तर खुर्च्या

४ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

दचकू नकोस, आई ठणठणीत आहे. ईमेलने आलं तरी याला पत्रच समज, कारण मला चार ओळींत काही सांगता येत नाही हे तुला माहीत आहे. फोन मुद्दाम केला नाही. आपल्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे आईच्या कानातच बोलायचं, आणि तिला कळलं की मी या वयात काही शिकायला निघाले आहे, तर संध्याकाळपर्यंत अख्खा जिना मला विचारेल, "काय, कुठवर आलं?"

तर झालंय असं. आमच्या जेवणाच्या हॉलची वेबसाइट ज्या गृहस्थांनी बनवली होती, ते दुसरीकडे गेले. मालकीणबाईंना आता तिच्यावर ऑर्डरचा फॉर्म हवा आहे. लोकांनी आपापलं भरावं, किती माणसं, कोणता दिवस, आणि मी दिवसभर फोन कानाला लावून बसू नये. त्यासाठी बाहेरचा माणूस आणायचा तर मग तुमच्या या ऑर्डर घेण्याच्या टेबलाची गरजच काय, असं त्या हसत हसत म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण म्हणाल्या. मी लगेच बोलून गेले, "मी शिकते ना! माझा भाऊ कॉम्प्युटर इंजिनियर आहे."

आता तूच तार मला. जावास्क्रिप्ट नावाचं काहीतरी शिकावं लागतं म्हणे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा अगदी पहिलीच्या वर्गापासून सांग आणि माझ्यावर वैतागू नकोस. त्या वर्षी घरातून एकालाच इंजिनियरिंगच्या कोर्सला पाठवणं जमणार होतं आणि तू गेलास. मी गेले असते तर आज हे पत्र तू मला लिहिलं असतंस! चिडू नकोस, गंमत करते आहे. गळ्यात कंपनीचा पट्टा अडकवलेला तुझा तो फोटो आई अजून येईल त्याला दाखवते. परवा गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सोडलं नाही.

उत्तर लवकर दे.

तुझी,
ताई


६ फेब्रुवारी
(पाठवलं नाही)

ताई,

मी इंजिनियर नाही. कधीच नव्हतो. शेवटच्या वर्षी विषय राहिले, पुन्हा बसलो, पुन्हा राहिले, आणि त्याच्या पुढच्या खेपेला परीक्षेच्या खोलीच्या दारातूनच परत फिरलो. मी या कंपनीत आहे हे खरं. पण तळमजल्यावर, दाराशेजारच्या काउंटरवर. नवीन आलेल्यांचे फोटो काढतो, ओळखपत्रं छापून देतो, कुणी हरवलं तर दुसरं करून देतो. वरच्या मजल्यांवर काय चालतं ते मला लिफ्टच्या दारापर्यंतच माहीत आहे.

तो पट्टेवाला फोटो मशीन नीट चालतं का हे बघायला काढला होता. गंमत म्हणून घरी पाठवला. आईने फोन करून म्हटलं, "झालास ना रे इंजिनियर!" आणि मी नाही म्हटलं नाही. बस, एवढंच केलं मी. खोटं बोललो नाही, नुसता गप्प बसलो, असं मी स्वतःला किती वेळा सांगितलंय. त्या दिवशी नाही म्हणायला एक श्वास पुरला असता. आता इतकी वर्षं गेली की कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही.

आणि तू गमतीत लिहिलंस ते मला गमतीत वाचता आलं नाही. ती जागा तुझी होती. मी ती खाल्ली आणि


९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

उशीर झाला, माफ कर. सध्या कामात मान वर करायला फुरसत नाही. पण तुझा विचार ऐकून आनंद झाला. शिकायला वय नसतं.

आजचा पाठ व्हेरिएबलचा. व्हेरिएबल म्हणजे मूल्य साठवून ठेवण्यासाठी स्मृतीत राखून ठेवलेली नामांकित जागा. तिची घोषणा 'लेट' या शब्दाने करावी. त्यापुढे नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग मूल्य आणि शेवटी अर्धविराम. पडद्यावर संदेश दाखवण्यासाठी 'अलर्ट' वापरावं आणि कंसात अवतरणचिन्हांमध्ये आपला मजकूर लिहावा. सोबत तीन उदाहरणं जोडली आहेत, ती जशीच्या तशी टाइप कर. घाई करू नकोस, पाया पक्का झाला पाहिजे.

तुझा,
ढब्बू


१५ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

अरे, 'स्मृतीत राखून ठेवलेली नामांकित जागा' काय? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं कुणाचा पुतळा उभारताहेत. मग आचारीबुवांच्या फळीकडे बघितलं आणि टाळकं उघडलं. डबा आणि वर चिकटवलेली चिठ्ठी! असं सरळ सांग की. शिकलेल्या माणसांची हीच खोड, सोप्याला कोट-टोपी घालायची.

तुझी तिन्ही उदाहरणं केली. पडद्यावर 'नमस्कार' आला. मीच लिहिलेलं, मलाच दाखवलं, तरी मी खुर्चीत सरसावून बसले. आचारीबुवांना हात पुसत पुसत बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "बोलतंय की!" तिसऱ्या उदाहरणात तुझा एक कंस बंद करायचा राहिला होता. तासभर अडले, मग कळलं, तू माझी परीक्षा घेतोयस. सापडला बरं का! अशाच चुका पेरत जा, त्यांनी डोकं चालतं.

तुझ्या पुढच्या पाठाची वाट न बघता मी 'इफ' पण करून पाहिलं. एकूण माणसं दहापेक्षा कमी असली तर खिडकीची लहान खोली द्यायची, नाहीतर मोठा हॉल. चाललं! ढब्बू, खरं सांगू? फार वर्षांनी काहीतरी माझं माझं वाटलं. कामावरून घरी येताना मी जिना चढत नव्हते, जिनाच मला वर नेत होता.

आता फंक्शन म्हणजे काय ते सांग. आणि चौकटीत भरलेली गोष्ट डब्यात कशी घ्यायची?

तुझी,
ताई


२ मार्च

प्रिय ताई,

खूपच गडबड चालू आहे, नवीन प्रोजेक्ट. फंक्शनबद्दल एक लिंक पाठवतो आहे, ती वाच. तुझी प्रगती चांगली आहे. अडलं तर विचार.

ढब्बू


७ मार्च

प्रिय ढब्बू,

तुझी लिंक वाचली, समजली. फॉर्म तयार झाला! दोन चौकटी ठेवल्या आहेत, एक मोठ्या माणसांसाठी, एक लहान मुलांसाठी. दोन्ही डब्यांमध्ये घ्यायचं, अधिक करायचं, आणि एकूण आकडा थेट स्वयंपाकघरातल्या चिठ्ठीवर छापून यायचा. कोणती खोली, तेही त्याच आकड्यावरून आपोआप. भरणाऱ्याला एकूण दिसत नाही, त्याला फक्त 'धन्यवाद' येतं. मालकीणबाईंनी सोमवारपासून सुरू करायचं ठरवलं आहे आणि म्हणाल्या, आता आपण कुणाला खात्री करायला फोन करायचा नाही, नाहीतर फॉर्मचा उपयोग काय?

एकच खटकतंय. आज मोठी माणसं पाच आणि मुलं शून्य असं भरून पाहिलं, तर एकूण पन्नास आलं. पाच हवे होते ना? मला वाटलं मीच शून्य भलतीकडे दाबलं. परत केलं, परत पन्नास. अधिकच्या चिन्हात काही गोम आहे का? तू बघून सांग. सगळा कोड खाली चिकटवला आहे. तू हो म्हणालास की मी निर्धास्त.

तुझी,
ताई


८ मार्च

प्रिय ताई,

कोड पाहिला. ठीक आहे. अधिक म्हणजे अधिक, त्यात गोम कसली? अशा वेळी आधीचं काहीतरी मशीनमध्ये अडकून राहिलेलं असतं. ब्राउझरमधलं जुनं सगळं पुसून टाक, पेज रिफ्रेश कर आणि पुन्हा बघ. आमच्याकडे रोज होतं हे. नवशिक्यांना वाटतं कोड चुकला, पण कोड चुकलेला नसतो.

निर्धास्त राहा.

ढब्बू


१२ मार्च

प्रिय ढब्बू,

तू म्हणालास तसंच होतं! जुनं पुसलं, रिफ्रेश केलं, पाच भरून मुलांची चौकट तशीच रिकामी सोडली, आणि एकूण पाच आलं. उगाच जीव टांगणीला लावला मी. सोमवारपासून तीन ऑर्डरी आल्या. तिन्ही ऑफिसातल्या लोकांच्या, मुलंबिलं नाहीत, सगळे आकडे चोख. मालकीणबाईंनी येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी म्हटलं, भावाची कृपा.

ताई


३० मार्च

प्रिय ढब्बू,

हे पत्र मला नीट लिहिता येणार नाही. जसं जमेल तसं वाच.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक घड्याळ दुरुस्त करणारे आजोबा आहेत. बायको जाऊन वर्ष झालं म्हणून त्यांनी जवळच्या माणसांना जेवायला बोलावलं होतं, आमच्याकडे, दुपारी. फॉर्म त्यांनी स्वतः भरला. मी त्या दिवशी जरा उशिरा पोचले. बघते तर मोठा हॉल उघडलेला, लांबच लांब टेबलं मांडलेली, बहात्तर खुर्च्या आणि बहात्तर ताटं. चिठ्ठीवर बहात्तर होतं.

ते आले. ते, त्यांची मुलगी, जावई, दोन नातवंडं, एक म्हातारे मित्र आणि शेजारची तीन माणसं. नऊ जण. त्या एवढ्या मोठ्या हॉलच्या एका कोपऱ्यात बसले. वाढपी वाढायचे थांबले, कारण बाकीचे यायचे होते. अर्धा तास ती माणसं रिकाम्या ताटांसमोर बसून राहिली. शेवटी मालकीणबाई सगळ्यांसमोर त्यांच्याकडे गेल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "बाकीची मंडळी वाटेत आहेत का?"

आजोबांनी सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "आमची एवढीच माणसं आहेत."

ढब्बू, मला तिथून पळून जावंसं वाटलं. मालकीणबाईंनी चिठ्ठी दाखवली. तुम्हीच बहात्तर भरलंत म्हणाल्या. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन बघितली. मला वाटलं ते भांडतील. ते म्हणाले, "मग माझंच चुकलं असेल. माफ करा, तुमचं एवढं अन्न वाया गेलं." बायकोच्या आठवणीच्या दिवशी त्या माणसाने आमची माफी मागितली! मुलगी नवऱ्याला हळूच म्हणाली, बाबांचं आता आकड्यांवर लक्ष राहत नाही, लोकांची किमती घड्याळं हातात असतात, दुकान बंदच केलेलं बरं. त्यांनी ते ऐकलं. काही बोलले नाहीत.

आणि मीही काही बोलले नाही. माझं टेबल जाईल म्हणून पाण्याचे जग भरत उभी राहिले.

आता काल ऐकलं, एप्रिलअखेर दुकान बंद होणार. त्यांनी स्वतःच किल्ल्या मुलीला दिल्या. तू इंजिनियर आहेस, तू मला स्पष्ट सांग. फॉर्म बरोबर आहे ना? चूक त्यांचीच आहे ना? तू तसं म्हणालास तर मी डोक्यातून काढून टाकेन.

ताई


४ एप्रिल

प्रिय ताई,

चूक त्यांची नाही. फॉर्मची आहे.

चौकटीत जे भरलं जातं ते कॉम्प्युटरला आकडा म्हणून मिळत नाही, अक्षरं म्हणून मिळतं. दोन आकड्यांमध्ये अधिक टाकलं तर तो बेरीज करतो, पण अक्षरांमध्ये अधिक टाकलं तर एकापुढे एक नुसती चिकटवतो. त्यांनी मोठी सात आणि मुलं दोन भरली असणार. सातापुढे दोन, बहात्तर. मुलांची चौकट रिकामी असली की चिकटवायला काही नसतं, म्हणून ऑफिसवाल्यांचे आकडे बरोबर आले, आणि तुझे ते पाचही. दोन्ही डब्यांतल्या गोष्टी आधी 'नंबर' करून घ्यायच्या आणि मगच अधिक करायचं. दुरुस्त केलेल्या ओळी खाली देतो आहे.

हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. कामाच्या गडबडीत राहून गेलं. आजोबांना आणि त्यांच्या मुलीला आजच्या आज सांग. दुकान बंद होऊ देऊ नकोस.

ढब्बू


१३ एप्रिल

प्रिय ढब्बू,

सांगितलं. आधी मालकीणबाईंना, मग घड्याळवाल्यांकडे गेले. त्यांचा विश्वास बसेना, त्यांना वाटलं मी त्यांची समजूत घालते आहे. म्हणून त्यांना आणि मुलीला हॉलवर घेऊन आले आणि जुनाच फॉर्म उघडून दिला. त्यांनी एका बोटाने सात दाबला, दोन दाबला. चिठ्ठी छापून आली. बहात्तर. पुन्हा दाबलं. पुन्हा बहात्तर. मग त्यांनी मुलीला हाक मारली, "इकडे ये, बघ." ती बघतच राहिली, आणि तिथेच रडायला लागली. दुकान चालू राहणार.

मला आता मागे भांडी मोजायला आणि लावायला ठेवलं आहे. टेबलावर मालकीणबाईंची भाची बसते. फॉर्म मात्र चालू आहे, दुरुस्त केलेला. माझी काळजी करू नकोस, हे माझ्या पापाचंच फळ आहे, त्या दिवशी गप्प बसले त्याचं.

पण तुझ्यामुळे एका माणसाचं दुकान राहिलं! आजोबांनी विचारलं, चूक शोधली कुणी? मी म्हटलं, माझ्या भावाने. म्हणाले, "त्या इंजिनियरसाहेबांना मला एकदा भेटायचंय. दुसऱ्या कुणी स्वतःच्या बहिणीचं काम चुकीचं म्हटलं नसतं." आईचा तर ऊर भरून आला आहे. तुझा फोटो बैठकीत भिंतीवर लागला. वरच्या मजल्यावरच्या काकू मुलाला घेऊन आल्या होत्या, तो बघून काहीतरी शिकेल म्हणून.

तुझी,
ताई


१४ एप्रिल

ताई,

तो फोटो काढ. आईला काय वाटेल ते वाटो, काढ.

मी इंजिनियर नाही. कोर्स पुरा केला नाही. कंपनीत तळमजल्यावर ओळखपत्रं छापायच्या काउंटरवर बसतो, लागलो त्या दिवसापासून तिथेच. आईने फोटोवरून ठरवलं आणि मी तिला ठरवू दिलं. तू फेब्रुवारीत विचारलंस तेव्हा मी नवशिक्यांचं पुस्तक आणलं. एक धडा वाचायचा आणि तुला लिहायचा. 'नामांकित जागा' त्यातलीच. तो राहिलेला कंस परीक्षा नव्हती, मला टाइप करताना दिसला नाही. तू 'इफ' करून मोकळी झालीस तेव्हा मी अजून दुसऱ्याच धड्यात चाचपडत होतो. मग प्रोजेक्टच्या थापा मारल्या.

तू पन्नास पाहिलंस तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. वरची मंडळी कार्ड चालेनासं झालं की काउंटरवर एकमेकांना गमतीने म्हणतात, 'रिफ्रेश कर, रिफ्रेश कर.' तेच मी तुला लिहिलं. 'माहीत नाही' हे दोन शब्द माझ्या हातून उमटले नाहीत.

चूकही मी शोधली नाही. तुझं पत्र आल्यावर तीन दिवस मी कागद खिशात घेऊन फिरलो. कुणाला दाखवायचा? रोज शेकडो इंजिनियर माझ्यासमोरून जातात आणि माझी हिंमत होत नव्हती. शेवटी एक बाई हरवलेलं कार्ड पुन्हा करून घ्यायला आल्या. कार्ड छापून होईपर्यंत मी कागद पुढे सरकवला, एका मित्राचा आहे म्हणून. त्यांनी उभ्या उभ्या बघितला आणि पट्टा गळ्यात अडकवता अडकवता सांगितलं. मित्राचा म्हटलं मी तेव्हासुद्धा.

आणि चार तारखेच्या पत्रात मी ते शहाणपण माझं म्हणून लिहिलं. आजोबा मला साहेब म्हणतात हे वाचल्यापासून मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

ढब्बू


५ मे

ढब्बू,

उत्तर द्यायला उशीर झाला. कामामुळे नाही, मला द्यायचंच नव्हतं.

खोटं बोललास याचा राग आला आणि ओसरला. काउंटरवर बसतोस, तर बसतोस. कष्टाचं खातोस, त्यात लाजण्यासारखं काय आहे? मला दुसरंच सलतंय. पन्नास मी पाहिलं होतं. कुणी न शिकवता, पहिल्याच दिवशी मला दिसलं होतं की अधिकच्या चिन्हात काहीतरी आहे. मी लिहिलंही तुला तसं. आणि तू इंजिनियर म्हणून मी माझेच डोळे खोटे ठरवले. आजोबांनी चिठ्ठी बघून स्वतःला खोटं ठरवलं, मी तुझं पत्र बघून. 'माहीत नाही' म्हणाला असतास तर मी शोधत बसले असते, आणि मला सापडलं असतं. एवढं मला येत होतं रे.

त्या वर्षी जागा तुला मिळाली म्हणून मी कधी रडले नाही. पण ती तू वापरलीच नाहीस हे वाचलं त्या दिवशी भांड्यांच्या खोलीत दार लावून रडले.

आईला मी काही सांगणार नाही. फोटोही काढणार नाही. मी लावलेला नाही. तू ये आणि तुझ्या तोंडाने सांग. त्याआधी घड्याळवाल्यांकडे जा. ते तुला साहेब म्हणतील, स्टूल पुढे करतील, पाणी देतील. पाणी पिण्याआधी सांग.

ताई


२० मे

ताई,

दोन दिवस घरी होतो, पण तू माझ्याशी बोलली नाहीस आणि माझंही तोंड उघडेना. म्हणून हे लिहून.

आईला सांगितलं ते तू दाराआडून ऐकलंसच. संध्याकाळी शेजारीण आली तेव्हा आई फक्त फोटोच्या भिंतीकडे पाठ करून बसली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

घड्याळवाल्यांकडे मात्र तू सांगितलंस तसंच गेलो, घराआधी. दुकान एवढंसं, दोन माणसं समोरासमोर बसली की भरलं. ते डोळ्याला भिंग लावून एक जुनं मनगटी घड्याळ उघडत होते. तुझं नाव सांगितल्याबरोबर उठले. "या साहेब, या," म्हणाले, स्टूल पुसलं, आणि मी बोलायच्या आत पाण्याचा पेला माझ्या हातात. मी तो तसाच धरून सगळं सांगितलं. काउंटर, पुस्तक, रिफ्रेश, कार्डवाल्या बाई, सगळं. पहिल्या वाक्यानंतर त्यांनी साहेब म्हणणं सोडलं.

ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "एवढ्या मोठ्या इमारतीत विचारायला कुणी नव्हतं?"

"होते. लाज वाटली."

त्यांनी भिंग काढून ठेवलं. मग म्हणाले, "मलाही वाटली हो. तुमच्या ताईंनी चूक दाखवली, मुलीने पाय धरले, दुकान राहिलं, सगळं नीट झालं. पण त्या खुर्च्या बघून मला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. मला वाटलं, हिच्या आठवणीला खरं तर एवढी माणसं यायला हवी होती. आणि मी नऊच जमवली. आता आकडा चुकीचा होता हे कळलं. पण नऊ ते नऊच राहिले ना?"

मी माफी मागितली. त्यांनी असू दे म्हटलं नाही. पुन्हा भिंग लावलं आणि कामाला लागले, आणि मी तिथेच बसून राहिलो, कारण उठायलाही धीर लागतो. लाज म्हणजे आपण पकडले जाणं असं मला इतकी वर्षं वाटत होतं. त्या स्टुलावर बसून कळलं की मी पकडला गेलो नसतो तरी तो माणूस त्या हॉलमध्ये तसाच बसला असता.

शेवटी मी पेला खाली ठेवून उठलो. दारात पोचलो तेव्हा त्यांनी मान वर न करता म्हटलं, "पुढच्या वर्षी तुम्हीही या जेवायला. दहा होऊ. तो फॉर्म मी काही भरायचा नाही आता, तुमच्या ताईंना तोंडीच सांगेन."

मी 'येतो' म्हटलं, ताई. मान वर होत नव्हती, पण म्हटलं.

ढब्बू